पहिला परदेशी बाजार कसा निवडायचा? हळदीच्या उदाहरणासह, पायरीपायरीने

निर्यात करायची असं ठरलं की नवा उद्योजक लगेच ग्राहक शोधायला लागतो. देश कुठला, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. मेव्हणा दुबईत असतो म्हणून दुबई ठरते. प्रदर्शनात केनियाच्या एका पार्टीने कार्ड दिलेलं असतं म्हणून केनिया ठरतो. नाहीतर ‘मार्केट मोठं आहे’ एवढ्या एका कारणावर अमेरिका ठरते. मग सँपल जातात, लेबलं छापली जातात, प्रयोगशाळेचे रिपोर्ट निघतात आणि बरेच महिने गेल्यावर लक्षात येतं की आपला माल तिथल्या दुकानात ज्या भावाने पोचणार आहे, त्या भावाला तिथे तो कुणी घेत नाही.

मोठ्या कंपन्यांत या कामासाठी वेगळी माणसं नेमलेली असतात. पण ती जे करतात त्यातलं बहुतेक सगळं लहान युनिटलाही जमतं आणि लागणारी बरीचशी माहिती फुकट मिळते. समजायला सोपं जावं म्हणून सांगलीतलं एक हळदीचं युनिट डोळ्यांसमोर ठेवू: हळकुंड घेऊन पावडर करणारं, आसपासच्या चार जिल्ह्यांत नाव असलेलं, परदेशात अजून एकही पाकीट न गेलेलं. तुमचा माल पंप असो, कास्टिंग असो की काजू, पायऱ्या याच.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधीच सांगतो. बाजार एकूण किती मोठा आहे, यावरून निवड करू नका. त्यातला किती भाग तुमच्यासाठी खरोखर उघडा आहे, तिथपर्यंत माल पोचवून तुमच्या हातात काय उरतं, आणि ते पैसे वेळेवर परत येतात का, हे तीनच प्रश्न धरून चाला.

पायरी १: आपण नेमकं काय विकतोय ते ठरवा

‘आम्ही हळद विकतो’ हे उत्तर निर्यातीत चालत नाही. हळकुंड, पावडर आणि ओलिओरेझिन (हळदीचा दाट अर्क) हे तीन वेगळे धंदे आहेत. हळकुंड घेणारा बहुधा तिथला दळणारा व्यापारी असतो आणि त्याला भाव कमी हवा असतो. पावडर घेणाऱ्याला रंग, वास, दळण्याचा बारीकपणा आणि दर खेपेला तोच माल हवा असतो. अर्क काढणारा कारखाना पहिला प्रश्न कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याच्या, टक्क्यांचा विचारतो, बाकी गोष्टी नंतर.

म्हणून आधी एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीत मालाची ओळख सांगणारा आकडा, पक्का करा. या कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, हळदीचे ०९१०३०. त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो. आपल्याकडे आठ आकडी कोड आहे: वाळलेल्या हळदीला ०९१०३०२० आणि पावडरीला ०९१०३०३०. ओलिओरेझिन तर वेगळ्याच प्रकरणात, ३३व्या, जातं. पुढे शुल्क, सवलत, चाचणी, सगळं याच कोडवरून निघणार आहे. कोडबद्दल शंका असेल तर कस्टम हाउस एजंटला (सीमाशुल्काची कागदपत्रं करून देणाऱ्याला) विचारा; अंदाजाने लिहू नका.

सोबत एका कागदावर तुमची शिल्लक क्षमता लिहा. देशातली गिऱ्हाइकं सांभाळून महिन्याला किती टन देऊ शकता? एकाच प्रतीचा माल सलग वर्षभर देता येईल का? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राजापुरी हळदीला स्वतःची ओळख आहे. पण तुम्ही वर्षातले काही महिने बाहेरच्या राज्यातलं हळकुंड मिसळत असाल, तर ते या कागदावर यायला हवं. आयात करणाऱ्याला दुसऱ्याच खेपेला ते कळतं.

आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा सरकारी क्रमांक), बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा क्रमांक), मसाले मंडळाची नोंदणी ही कागदपत्रं याच काळात समांतर करून घ्या. त्यात अवघड काही नाही, त्यामुळे त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

पायरी २: आकड्यांवरून दहा-बारा देशांची यादी करा

जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचं ‘ट्रेड मॅप’ नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे सहा आकडी कोड टाकला की कुठला देश किती किमतीचा आणि किती वजनाचा माल आयात करतो, गेल्या पाच वर्षांत ती आयात वाढली की घटली आणि कुणाकडून होते, हे दिसतं. बसून दोन दिवस त्यातच घालवा.

नवखा माणूस तिथे एकूण आयातीचा रकाना बघतो आणि वरच्या पाच देशांवर खूण करतो. मी सांगेन की आधी किमतीला वजनाने भागा. २०२३-२४ मध्ये भारतातून १.६२ लाख टन हळद आणि हळदीचे पदार्थ बाहेर गेले, किंमत २२.६५ कोटी डॉलर. म्हणजे किलोला सरासरी साधारण १.४० डॉलर. आता हाच भागाकार देशादेशाचा करा. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, अमेरिका आणि मलेशिया हे आपले मोठे घेणारे आहेत, पण सगळे एकाच भावाने घेत नाहीत. जिथे किलोचा भाव सरासरीच्या खूप खाली दिसतो, तिथे कच्चा माल जातोय असं समजा. पावडरीच्या पाकिटाला तिथे जागा थोडी. जिथे भाव वर आहे तिथे कुणीतरी प्रतीचे पैसे मोजतोय.

दुसरा रकाना भारताच्या वाट्याचा. एखाद्या देशाची जवळजवळ सगळी हळद भारतातूनच जात असेल, तर तिथे भारतीय मालाला अडथळा नाही हे खरं. पण तुमची स्पर्धा इरोड, निजामाबाद या हळदीच्या पेठा आणि तुमच्याच गावातल्या शेजाऱ्याशी आहे, आणि ती भावावरच होणार. उलट भारताचा वाटा अगदीच कमी दिसला तर कारण शोधून काढा. शुल्क जास्त आहे, नियम कडक आहेत, की तिथल्या लोकांना दुसरीकडचा माल आवडतो? कारण सापडेपर्यंत तो देश यादीत ठेवा, पण त्यावर पैसा लावू नका.

तिसरी गोष्ट फसवणारी आहे. नेदरलँड्स आणि अमिराती हे दोन देश अनेक वस्तूंच्या यादीत वर दिसतात, कारण त्यांच्या बंदरांतून माल पुढे जातो. रॉटरडॅमला उतरलेली नाशिकची द्राक्षं जर्मनीतल्या दुकानातही जातात. दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरलेला माल आखाताच्या इतर देशांत आणि आफ्रिकेत जातो. अशा ठिकाणी तुमचा ग्राहक पुढे विकणारा व्यापारी असतो आणि खाणारा माणूस तिसऱ्याच देशात. त्यात वाईट काही नाही, पण चव, लेबल, नियम कुठल्या देशाचे लागणार हे मग वेगळं शोधावं लागतं.

पायरी ३: दार उघडं आहे का ते बघा

नवे निर्यातदार सगळ्यांत जास्त इथे अडकतात, म्हणून या पायरीवर जरा थांबतो.

प्रत्येक देशाचे अन्नपदार्थांचे नियम वेगळे. युरोपीय संघात हळदीसारख्या मसाल्यात बुरशीतून येणाऱ्या अफ्लाटॉक्सिन बी-१ या विषाची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनची १० आहे. मुळं आणि कंद वर्गातल्या मसाल्यांत शिशाची मर्यादा किलोला १.५ मिलिग्रॅम. ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला तिथे सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लावतात. अमेरिकेत माल पाठवायचा तर कारखान्याची एफडीएकडे (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे) नोंदणी लागते, ती दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरात नव्याने करावी लागते, आणि तिथल्या आयातदारावर तुमच्या कारखान्याची पडताळणी करण्याची कायदेशीर जबाबदारी असते. म्हणजे तो तुमच्याकडून कागद मागणारच. आखातात अरबी लेबल लागतं.

हे सगळं कागदावर लिहिलेलं असतं, वाचलं की कळतं. महाराष्ट्राला जो फटका बसला तो कागदाबाहेरच्या गोष्टीचा. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. तोवर द्राक्षांचं ग्रेपनेट (बागेपर्यंत मालाचा माग ठेवणारी यंत्रणा) सुरू होऊन काही वर्षं झाली होती, बागेची नोंदणी होती, निर्यातीआधी तपासणी होत होती. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे एक नव्हतं. बागायतदाराने आपल्याकडून नियम पाळले होते आणि तरी त्याचाच माल तिकडच्या बंदरावर पडून राहिला. शिवाय जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याने दिलेल्या मर्यादेच्या एक तृतीयांशावर स्वतःची मर्यादा ठेवतात. त्यामुळे सरकारी नियम वाचून थांबू नका. ज्याला माल विकणार त्याच्या खरेदी विभागाची स्वतःची अट लेखी मागा.

आंब्याचं उदाहरण आणखी बोलकं आहे. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला परवानगी दिली, ती विकिरण करूनच (किरणांचा मारा करून किडी निष्प्रभ करूनच) पाठवण्याच्या अटीवर. लासलगावच्या केंद्रात आंब्यावर प्रक्रिया सुरू झाली, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक प्रत्यक्ष इथे हजर असणं गरजेचं होतं. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर दोन्ही हंगाम निर्यात बंद राहिली. माल चांगला, ग्राहक तयार, केंद्र चालू, फक्त एक माणूस विमानात बसू शकला नाही म्हणून दार बंद. युरोपीय संघाने २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीच्या कारणावरून आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. मधला हंगाम गेला तो गेला.

तेव्हा प्रत्येक देशापुढे दोन गोष्टी लिहा: आत जायला आज काय लागतं, आणि ती परवानगी कोणाच्या हातात आहे. एकाच माणसाच्या, एकाच केंद्राच्या किंवा एकाच यादीच्या भरवशावर असलेला बाजार पहिला म्हणून घेऊ नका. दुसरा किंवा तिसरा म्हणून घ्यायला हरकत नाही.

इथपर्यंत आलात की बारांपैकी पाच-सहा देशच उरलेले असतील. तेवढेच उरावेत.

पायरी ४: अंतर मोजा, नुसतं किलोमीटरमध्ये नाही

पंकज घेमावत या अभ्यासकाने २००१ मध्ये एक मांडणी केली, ती आजही कामाला येते. दोन देशांतलं अंतर चार तऱ्हांचं असतं: संस्कृतीचं, कायदा-प्रशासनाचं, भूगोलाचं आणि आर्थिक परिस्थितीचं. कुठलं अंतर किती महत्त्वाचं, हे मालावर ठरतं. सिमेंटला भूगोल भारी पडतो, अन्नाला संस्कृती, औषधाला कायदा.

याआधी स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात तिथल्या कंपन्या बाहेर कशा गेल्या याचा अभ्यास केला होता. त्यात सँडविक आणि ॲटलस कॉप्को होत्या. ही दोन्ही नावं पुण्यात दापोडीला कुणालाही माहीत आहेत. संशोधकांना दिसलं असं की कंपन्या आधी ओळखीच्या वाटणाऱ्या देशांत जातात, तिथे एजंटामार्फत विकतात, मग स्वतःचं विक्री कार्यालय काढतात, कारखाना सगळ्यांत शेवटी. नवख्यासाठी हा क्रम मला अजूनही योग्य वाटतो. हल्ली पहिल्याच वर्षी दहा देशांत विकणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्यातल्या बऱ्याचशा सॉफ्टवेअर विकतात. त्यांना कंटेनर भरावा लागत नाही.

हळदीच्या बाबतीत ओळखीचा देश म्हणजे जिथे आपली माणसं राहतात तो. लंडनचं वेम्बली, लेस्टर, न्यू जर्सीतलं एडिसन, दुबई, मस्कत. इथल्या किराणा दुकानात हळद म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मॉरिशससारखा छोटा देशही विसरू नका. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे आणि भारताशी त्यांचा व्यापार करार एप्रिल २०२१ पासून लागू आहे. मात्र आपल्या माणसांच्या बाजाराला एक मर्यादा असते. तिथलं फडताळ आधीच मोठ्या भारतीय ब्रँडनी भरलेलं असतं आणि तिथला वितरक सहसा नव्या नावाला जागा देत नाही, दिली तर भाव पाडून मागतो.

म्हणून मोकळी जागा शोधायला शिका. १९९४ मध्ये महिंद्राने टेक्ससमध्ये ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या मोठ्या शेतांसाठी शंभर-दोनशे अश्वशक्तीची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या तिथे बलाढ्य होत्या. महिंद्रा त्यांच्या वाटेला गेली नाही. थोडी जमीन बाळगून हौसेने शेती करणारे, घोडे पाळणारे, फळबागा राखणारे लोक तिथे होते आणि त्यांना लहान, दणकट, परवडणारा ट्रॅक्टर हवा होता. तोच आपल्याकडे शेतात चालत होता. देश जगातला सगळ्यांत अवघड, पण त्यातला कोपरा बरोबर निवडलेला.

आकुर्डीच्या बजाज ऑटोने आफ्रिकेत असंच काहीसं केलं. युगांडा-केनियात बोडा-बोडा, नायजेरियात ओकाडा म्हणतात ती मोटारसायकल टॅक्सी. ती चालवणाऱ्याला दिवसभर खड्ड्यांच्या रस्त्यावर कमी पेट्रोलमध्ये चालणारी आणि गावातल्या मेकॅनिकला दुरुस्त करता येणारी गाडी हवी असते. आपल्या तालुक्यांतला रस्ता आणि तिथला रस्ता, आपल्या गिऱ्हाइकाचा खिसा आणि त्याचा खिसा, यात अंतर थोडं होतं. नकाशावर दूर असलेला देश गिऱ्हाइकाच्या गरजेने जवळ निघाला.

उलटं उदाहरण वॉलमार्टचं. १९९७ मध्ये ती जर्मनीत गेली: श्रीमंत देश, मोठा बाजार, पैशाची कमतरता नाही. पण स्वस्तात विकण्याचं तिचं मुख्य बळ तिथे आल्डी आणि लिडल यांच्याकडे आधीपासूनच होतं. २००६ मध्ये दुकानं विकून ती बाहेर पडली.

आपल्या हळदवाल्याने यातून एक प्रश्न स्वतःला विचारावा: माझं जे बळ आहे ते त्या देशात इतरांकडे कमी आहे का, आणि लोकांना ते हवं आहे का? पावडर एकसारखी देणं हे बळ असेल, तर ज्या देशात लोक हळद दळून विकणाऱ्या गल्लीतल्या गिरणीवर समाधानी आहेत, तिथे त्याचे पैसे मिळणार नाहीत.

पायरी ५: दुकानाच्या फडताळापासून उलटा हिशोब करा

बहुतेक जण आपला भाव घेतात, त्यात भाडं, विमा, नफा मिळवत जातात आणि शेवटी जो आकडा येतो तो पार्टीला कळवतात. हिशोब दुसऱ्या टोकाकडून सुरू करा. खालचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण पद्धत हीच ठेवा.

समजा, आखातातल्या एका दुकानात तुमच्या प्रतीची हळद पावडर विक्रीकर वगळून किलोला ३०० रुपयांना जाते. दुकानदार आपल्या खरेदीवर ३० टक्के लावतो, म्हणजे त्याला ती साधारण २३१ ला पडते. आयातदार-वितरक २० टक्के लावतो. त्याचा खर्च १९२. त्यातून त्याचं बंदरावरचं क्लिअरिंग आणि गोदाम ६ रुपये वजा केले की १८६. आयात शुल्क ५ टक्के असेल तर ते काढून उरतात १७७. आता सांगली ते न्हावा शेवा गाडीभाडं, एजंट, समुद्रभाडं आणि विमा मिळून १५ धरले तर तुमच्या दारात उरले १६२. पॅकिंग आणि चाचणीसकट तुमचा खर्च १५५ असेल, तर किलोमागे ७ रुपये सुटतात. यातून सँपल, प्रवास, एखादी परत आलेली खेप आणि व्याज भागवायचं आहे.

आता शुल्क शून्य करून बघा. १८६ मधून थेट १५ गेले, १७१ राहिले, सुटतात १६ रुपये. फक्त पाच टक्के शुल्काने नफा दुपटीहून जास्त हलला. म्हणून व्यापार करार बघणं ही चैन नाही. अमिरातीशी आपला करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून, जपानशी २०११ पासून, स्वित्झर्लंड-नॉर्वे असलेल्या एफ्टा गटाशी १ ऑक्टोबर २०२५ पासून. प्रत्येक करारात तुमच्या कोडला काय मिळालं ते वेगळं तपासावं लागतं. काही वस्तूंचं शुल्क एकदम जातं, काहींचं टप्प्याटप्प्याने, काही वगळलेल्या असतात. सवलत हवी तर मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं, ते डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावरून मिळतं. बाहेरून आयात केलेली हळद मिसळत असाल तर त्या नियमात बसता का, हे आधी बघा, माल निघाल्यावर नको.

समुद्रभाड्याचा आकडा तर रोज बदलणारा. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली तेव्हा युरोपचा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. हळद टिकते, द्राक्षवाल्यांचे त्यात हाल झाले. हा हिशोब भाडं आजच्या दुप्पट धरूनही एकदा करा. तरीही काही उरत असेल तरच तो देश पुढे न्या.

पायरी ६: पैसे परत येतील का

तीन धोके वेगवेगळे तपासा: पार्टीचा, देशाचा आणि चलनाचा.

पार्टीसाठी आणि देशासाठी ईसीजीसी आहे. १९५७ मध्ये सुरू झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली ही सरकारी कंपनी परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले तर ठरलेला हिस्सा भरून देते. देशांची तिची वर्गवारी ए-१ पासून डी पर्यंत सात पातळ्यांची आहे. तुमच्या पाच देशांपुढे ती पातळी लिहा. आणि विमा घ्या. पहिल्या वर्षी तर नक्की घ्या. प्रीमियम वाचवून काही साधत नाही, एक खेप बुडाली तर लहान युनिट पुन्हा उभं राहत नाही.

चलनाचं दुखणं वेगळंच. ग्राहक प्रामाणिक असतो, माल विकला गेलेला असतो, पण त्याच्या देशात डॉलरच नसतात. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, त्याआधीपासूनच तिथल्या आयातदारांना डॉलर मिळेनासे झाले होते. नायजेरियाने जून २०२३ मध्ये आपलं चलन नायरा याचा भाव बाजारावर मोकळा सोडला, तो गडगडला आणि बजाजसारख्या मुरलेल्या कंपनीचीही तिथली विक्री आटली. त्याआधी तिथल्या लागोसने ओकाडांवर २०२० आणि २०२२ मध्ये बंधनं घातली होती. चांगला निवडलेला बाजारही असा फिरतो. बजाजला पेललं, कारण तिची निर्यात अनेक देशांत वाटलेली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर मिळून ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा एकट्या अमेरिकेवर चालणाऱ्या युनिटांना रात्रीची झोप राहिली नाही.

पहिल्या व्यवहाराला आगाऊ रक्कम किंवा चांगल्या बँकेचं एलसी (ग्राहकाच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) मागा. ‘तिकडे उधारीच चालते’ असं पार्टी म्हणाली तर ते खरंही असेल, पण मग तो देश तुमचा पहिला नव्हे.

पायरी ७: गुण द्या, पण आधी गाळा

कंपन्यांत देशांचे तक्ते करून गुण देतात: बाजाराची वाढ, शुल्क, स्पर्धा, धोका, प्रत्येकाला वजन. करायला हरकत नाही. त्यात एक खोट राहते: बाकी सगळीकडे भरपूर गुण मिळाले की एखादी जीवघेणी अडचण बेरजेत झाकली जाते. त्यामुळे आधी ‘हो किंवा नाही’ चे प्रश्न घ्या. चाचणीत माल पास होतो का? उलट्या हिशोबात काही उरतं का? विमा मिळतो का? एकाचंही उत्तर नाही असेल तर तो देश आत्ता बाद. उरलेल्यांना गुण द्या. दोन देश वर येतील, क्वचित तीन.

पायरी ८: जाऊन बघा

आता तिकीट काढा, त्याआधी नाही. खाण्याच्या वस्तूंसाठी दुबईचं गल्फूड दरवर्षी भरतं, जर्मनीत कोलोनचं अनुगा विषम वर्षी आणि पॅरिसचं सियाल सम वर्षी ऑक्टोबरात. प्रदर्शनात स्टॉल घेण्याआधी एकदा नुसतं फिरून या.

प्रदर्शनाइतकाच वेळ दुकानांत घालवा. मोठी सुपरमार्केट, भारतीय किराणा, बांगलादेशी किराणा, अरबी मसाल्याचं दुकान. प्रत्येक पाकीट हातात घेऊन लिहा: वजन, भाव, कुठे पॅक केलं, आयातदाराचं नाव, मुदत किती उरली. पाकिटाच्या मागे छापलेलं आयातदाराचं नाव ही तुमची खरी ग्राहकयादी आहे, विकत घेतलेल्या याद्यांपेक्षा कितीतरी पक्की. धूळ बसलेली पाकिटं कुठली तेही बघा. दोन-चार विकत घ्या, परत येऊन प्रयोगशाळेत आपल्या मालाशेजारी ठेवून तपासा.

आयातदार भेटला तर ‘आमचा माल घ्याल का’ हे शेवटी विचारा. आधी विचारा की गेल्या वर्षी त्याने कुणाचा माल बंद केला आणि का. या एका प्रश्नाला मिळणारं उत्तर आठवडाभराच्या वाचनापेक्षा जास्त शिकवतं.

पायरी ९: लहान खेप, आणि थांबण्याची रेघ आधीच

पहिला माल एजंट किंवा वितरकामार्फत जाऊ द्या. पूर्ण कंटेनर भरण्याची घाई नको. दुसऱ्यांच्या मालासोबत कंटेनरमध्ये जागा मिळते, किलोला भाडं जास्त पडतं, पण शिकवणी स्वस्तात होते. वितरकाला संपूर्ण देशाचे एकट्याचे हक्क पहिल्याच करारात देऊ नका. मागणारच असेल तर मुदत घाला आणि त्या मुदतीत किती माल उचलायचा ते लिहून घ्या, म्हणजे उचलला नाही तर हक्क आपोआप संपतात.

खेप निघण्याआधी तीन आकडे लिहून कपाटाला चिकटवा: या बाजारावर जास्तीत जास्त किती रुपये घालवायचे, किती महिन्यांत दुसरी ऑर्डर यायला हवी, आणि पैसे यायला किती दिवस चालतील. ऑर्डर आली पण पैसे ठरल्यापेक्षा उशिरा आले, तर तिसरी खेप आगाऊ रकमेवरच. दुसरी ऑर्डर आलीच नाही तर वितरकाला फोन करून माल फडताळावर आहे की गोदामात, एवढं विचारा. गोदामात असेल तर वितरक बदला. फडताळावर असूनही पडून असेल तर देश बदला, आणि पायरी सातच्या यादीतला दुसरा देश काढा. त्याची कागदपत्रं, चाचण्या आणि उलटा हिशोब तुमच्याकडे तयार आहेच, फक्त भाडं आणि शुल्क आजच्या तारखेने पुन्हा भरून घ्या.